गिऱ्हाइकाचे गाणे, नोकराचे कान

दिवाळीच्या आधीचे वीस दिवस कापडाच्या दुकानात काम केलेल्या माणसाला दिवाळीची चाहूल नाकाने किंवा डोळ्यांनी लागत नाही, ती कानाने लागते. मी बारावीनंतर चार वर्षे अनसिंगच्या मुख्य रस्त्यावरच्या एका कापड दुकानात नोकरीला होतो. वाशीम-पुसद रस्त्यावरचे आमचे हे गाव. शृंगऋषींच्या नावाशी त्याचे नाव जोडले जाते. तपश्चर्या करणाऱ्या ऋषीच्या गावात दसरा ते दिवाळी या काळात शांततेचा एक तासही मिळू नये, हा विनोद आम्ही नोकर मंडळी आपसांत करत असू. सोयाबीन निघाले, हातात पैसा आला, की आसपासच्या खेड्यांतली माणसे खरेदीला यायची. शेठ दुकानाच्या दारावर एक आणि आत गल्ल्याच्या वर एक असे दोन स्पीकर लावायचे. पेनड्राइव्हवर चाळीसेक गाणी असत आणि दर दहा मिनिटांनी दुकानाची रेकॉर्ड केलेली जाहिरात वाजे.

त्याचा हिशेब मी पुढे कागदावर मांडला. साडेचार मिनिटांचे एक गाणे धरले तर चाळीस गाणी तीन तासांत संपतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान उघडे, म्हणजे प्रत्येक गाणे दिवसातून चार वेळा. वीस दिवसांत ऐंशी वेळा. जाहिरात तासाला सहा म्हणजे दिवसाला बहात्तर वेळा, वीस दिवसांत चौदाशे चाळीस वेळा. गिऱ्हाईक दुकानात अर्धा तास बसते. त्याच्या वाट्याला सहा-सात गाणी आणि तीन जाहिराती येतात. गाणे एकच असते, पण ते अर्धा तास ऐकणारा आणि बारा तास ऐकावे लागणारा यांना दोन वेगळ्या गोष्टी मिळत असतात. या लेखाचा विषय हा फरक आहे.

एके संध्याकाळी मी गल्ल्यावर बसलो होतो. नोटा मोजताना जाहिरातीत किमती सुरू झाल्या आणि माझा आकडा मोडला. पुन्हा मोजले, पुन्हा मोडला. रात्री हिशेबात पाचशे रुपये कमी भरले. ते माझ्या पगारातून गेले. त्याहून जास्त लागले ते "ध्यान कुठं रायते रे तुयं?" हे वाक्य. माझे ध्यान कुठे होते याचा शोध मी नंतर कित्येक वर्षे घेत राहिलो.

ध्यान कुठे जाते याचे उत्तर मानसशास्त्राने बरेच आधी दिले होते. 1976 मध्ये कोल आणि वेल्श या अमेरिकन संशोधकांनी लोकांना यादी लक्षात ठेवायला दिली आणि त्याच वेळी पाठीमागे जर्मन भाषेतले बोलणे ऐकवले. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हते आणि त्याकडे लक्ष देऊ नका असे सांगितलेले होते. तरीही त्यांच्या चुका वाढल्या. पुढे 1989 मध्ये सलामे आणि बॅडली यांनी हेच संगीत वाजवून तपासले. नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा शब्द असलेल्या गाण्याने आकडे लक्षात ठेवण्यात अधिक अडथळा येतो, असे त्यांना आढळले. कारण सोपे आहे. आकडा लक्षात ठेवताना आपण तो मनातल्या मनात बोलत असतो. त्याच जागेत बाहेरून शब्द घुसले की आतला आवाज चुकतो. कापड मोजणारा, सुटे पैसे परत देणारा, बिल करणारा माणूस दिवसभर हेच मनातले बोलणे करत असतो. त्याच्या डोक्यावर गाणे लावणे म्हणजे लिहिणाऱ्याचा कोपर हलवत राहणे.

मग दुकानात गाणे लावायचेच कशाला? या प्रश्नाला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकन सैन्यातले अधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी 1922 च्या सुमारास विजेच्या तारांवरून संगीत पोहोचवण्याचा धंदा सुरू केला. 1934 मध्ये त्या कंपनीचे नाव 'म्यूझॅक' पडले. 'म्युझिक' आणि त्या काळी गाजलेले 'कोडॅक' यांची ती जोड होती. या कंपनीने पुढे कामगारांसाठी संगीताचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले. तुकड्यात गाण्यांचा जोम हळूहळू वाढत जाई आणि त्यानंतर पंधरा मिनिटे काहीच वाजत नसे. संगीत विकणाऱ्या कंपनीलाही शांतता मालाचा भाग वाटत होती, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. युद्धकाळात 1940 मध्ये बीबीसीने कारखान्यांसाठी सुरू केलेला 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रमही दिवसभर चालत नसे. त्याची अर्ध्या-अर्ध्या तासाची सत्रे असत. तो 1967 पर्यंत चालला.

गिऱ्हाइकांवरचा प्रसिद्ध प्रयोग रोनाल्ड मिलिमन यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केला. सुपरमार्केटमध्ये संथ संगीत लावले तेव्हा लोक हळू चालले आणि जलद संगीताच्या दिवसांपेक्षा विक्री सुमारे 38 टक्क्यांनी अधिक झाली. म्हणजे खप वाढवायचा असेल तर संगीत संथ हवे. आमच्या दुकानात मात्र डीजेची गाणी वाजत. शेठला एकदा आवाज कमी करा म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "आवाज कमी केला तं लोकायले वाटते दुकान बंद हाय." त्यांच्या मते गाणे म्हणजे ध्वनीची पाटी होती. शेजारच्या दुकानाची पाटी मोठी झाली की आपलीही मोठी करायची. दरम्यान आत बसलेली एखादी आजी म्हणायची, "बापा, थे गाणं बंद कर ना थोडं, मले भाव ऐकू नाही येऊन राह्यला." मिलिमन यांच्या प्रयोगात गिऱ्हाइकांचे चालणे मोजले गेले आणि विक्री मोजली गेली. काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला काय झाले, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

इथे कोणी म्हणेल, पूर्वीही माणसे गाण्याच्या साथीनेच काम करत होती. खरे आहे. जात्यावरच्या ओव्या हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. पण ओवी दळणारीच्या तोंडून निघे. जात्याचा वेग तिच्या हातात, ओवीचा वेगही तिच्याच हातात. थकली की ती थांबे. सासरचे दुःख आले तर ते ओवीत घाली. त्या गाण्याची मालकीण तीच होती.

त्यानंतर रेडिओ आला. 1952 पासून माहितीमंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा लोक रेडिओ सिलोन लावू लागले. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. 1967 मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून तिच्यावर जाहिराती येऊ लागल्या. आमच्या दुकानातले सर्वांत जुने नोकर, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, ते त्या काळाविषयी प्रेमाने बोलत. रेडिओवर बातम्या येत, नाटिका येई, भजन येई. पुढचे गाणे कोणते हे कोणालाच माहीत नसे, शेठलाही नाही. काका म्हणत, "रेडिओ साऱ्यायचा होता. पेनड्राइव्ह शेठचा हाय."

त्यांच्या या वाक्यात जे आहे ते डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी 1972 च्या आपल्या पुस्तकात प्रयोगाने दाखवले आहे. त्यांनी लोकांना मोठे, अनियमित आवाज ऐकवले. काहींच्या हाताशी एक बटण दिले आणि सांगितले की अगदी असह्य झाले तर हे दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच गोंगाट सोसला. पण नंतर अवघड कोडी सोडवायला दिली तेव्हा बटण असलेले लोक जास्त वेळ झटत राहिले आणि मुद्रिते तपासण्याच्या कामात त्यांच्या चुका कमी झाल्या. माणसाला नुसता आवाज थकवत नाही. तो थांबवणे आपल्या हातात नाही, ही जाणीव त्याला जास्त थकवते.

हे वाचले तेव्हा मला आमचे भारनियमन आठवले. त्या वर्षांत विदर्भातल्या खेड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. सारे गाव त्रासलेले, पण आमच्या दुकानात पंखा बंद पडला की आधी स्पीकर बंद पडे. घामाने अंग चिंब होत असतानाही आम्ही एकमेकांकडे बघून हसत असू. गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलता येई. ताका उलगडताना कापडाचा आवाज ऐकू येई. मग शेठनी इन्व्हर्टर आणला. त्यावर एक पंखा, दोन दिवे आणि स्पीकर जोडला गेला.

नोकरी सुटल्यावरही गाणी सुटत नाहीत. ऐकलेला तुकडा डोक्यात फिरत राहतो त्याला जर्मन भाषेत 'कानातला किडा' अशा अर्थाचा शब्द आहे. नुकतेच आणि वारंवार ऐकलेले गाणे असे चिकटण्याची शक्यता अधिक. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांना 2015 मध्ये असे आढळले की च्युइंगगम चघळल्याने हा किडा थोडा शांत होतो, कारण मनात गाणे म्हणतानाही बोलण्याची यंत्रणा वापरली जाते आणि चघळण्याने ती गुंतते. आमच्याकडे निम्मे नोकर खर्रा चघळत. त्यांनी हे संशोधन वाचलेले नव्हते आणि खर्ऱ्याने तोंडाचे जे होते ते मी इथे सांगायला नको. माझ्यापुरते म्हणाल, तर बहिणीच्या लग्नात बँडवाल्यांनी पेनड्राइव्हवरचेच एक गाणे वाजवायला घेतले. सारे नाचत होते. मी मांडवामागे जाऊन उभा राहिलो. आईला वाटले, बहीण सासरी जाणार म्हणून डोळे भरून आले असतील. तसे असते तर बरे झाले असते.

कायदा या बाबतीत कोणाची बाजू घेतो? गाणाऱ्याची आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याची घेतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे दुकानासारख्या सार्वजनिक जागी ध्वनिमुद्रित गाणे वाजवायला परवाना लागतो. शेजाऱ्याचीही घेतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबल ही मर्यादा आहे. पण ती परिसराची मर्यादा आहे, म्हणजे दुकानाबाहेरच्या जगासाठी. स्पीकरखाली उभ्या असलेल्या नोकराचे काय? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छता, प्रकाश, वायुवीजन, आगीपासून सुरक्षितता यांची काळजी मालकाने घ्यावी असे आहे. गाण्याच्या आवाजाचा विचार त्या यादीत नाही. शिवाय मुळात तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केला गेला. आमच्या दुकानात आम्ही सहा जण होतो.

हा प्रश्न न्यायालयात गेल्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. वॉशिंग्टन शहरातल्या ट्राम आणि बसमध्ये रेडिओ वाजवला जाई. त्याविरुद्ध प्रवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1952 मध्ये ते हरले. पण न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्या खटल्यातून अंग काढून घेतले. आपण स्वतःच या त्रासाचे बळी असल्याने आपल्या भावना निकालावर परिणाम करतील, असे त्यांनी लिहिले. एका न्यायमूर्तीला बसच्या प्रवासात जे सोसवले नाही, ते बारा तास उभे राहून सोसणाऱ्याला आपण तक्रारखोर म्हणतो. 1969 मध्ये युनेस्कोशी संलग्न आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेने शांततेच्या हक्काचा ठराव केला. तो ठराव संगीतकारांच्या संस्थेने केला होता, संगीताच्या शत्रूंनी नव्हे.

ही मागणी क्षुल्लक वाटते याची मला कल्पना आहे. पण केरळमधल्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांची बसू देण्याची मागणीही एकेकाळी क्षुल्लकच वाटत होती. दिवसभर उभे राहावे लागे, गिऱ्हाईक नसतानाही बसता येत नसे. कोझिकोडेच्या 'पेनकुट्टू' या संघटनेने तो विषय लावून धरला. 2018 मध्ये केरळने कायद्यात बदल करून बसण्याचा हक्क दिला आणि 2021 मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. पायांचे दुखणे कायद्याला पटले, तर कानांचेही कधीतरी पटेल. बाजारालाही हे अगदीच अमान्य नाही. ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने 2016 मध्ये आपल्या दुकानांतले पार्श्वसंगीत बंद केले, तरी गिऱ्हाईक यायचे थांबले नाही.

कायदा होईपर्यंत करता येण्यासारख्या गोष्टींना पैसा लागत नाही. गल्ल्याच्या डोक्यावर स्पीकर नसावा. जिथे पैसे मोजले जातात तिथे शब्दांऐवजी बासरी किंवा सनई चालेल. दर तासाला पंधरा मिनिटे काहीच वाजू नये. आणि रिमोट काही वेळ तरी नोकरांच्या हाती असावा. ग्लास आणि सिंगर यांचा प्रयोग खरा असेल तर ते तो फारसा दाबणारही नाहीत.

मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा आईसाठी लुगडे घ्यायला दुसऱ्या एका दुकानात गेलो. स्पीकर जोरात होता. लुगडी दाखवणारा मुलगा विशीतला असावा. मी त्याला विचारले, "भाऊ, हे गाणं आज कितव्यांदा?" तो आधी गोंधळला, मग हसला. "मोजणं सोडून देलं दादा," म्हणाला. मी गल्ल्यावरच्या मालकांना म्हटले, आईला ऐकू कमी येते, आवाज जरा लहान करता का? गिऱ्हाइकाचे म्हणणे होते, त्यांनी लगेच केला. आईला खरे तर नीट ऐकू येते. आम्ही पंधरा मिनिटांत होणारी खरेदी पाऊण तास करत बसलो. तेवढा वेळ तो मुलगा हळू आवाजात, एकही आकडा न चुकता भाव सांगत होता.