एडिटरला धंदा शिकवताना

टेक्स्ट एडिटर म्हणजे नुसती अक्षरे लिहिण्याचे, खोडण्याचे आणि साठवण्याचे साधन. ठळक अक्षरे, समास, चित्रे यांच्याशी त्याला देणेघेणे नसते. टंकले तेवढेच फाइलमध्ये राहते. म्हणूनच जो मजकूर शेवटी यंत्राने वाचायचा असतो, त्यासाठी हेच साधन लागते. पिंपरी-चिंचवडच्या चिखली, कुदळवाडी, तळवडे या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये असे वाचणारे यंत्र म्हणजे सीएनसी लेथ किंवा व्हीएमसी. वारकऱ्यांच्या तोंडी आजही ‘टाळगाव’ असलेली चिखली १९९७ साली महापालिका हद्दीत आली. आज तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्या कारखान्यांचे जॉबवर्क चालते, आणि शेडच्या एका कोपऱ्यातल्या संगणकावर जी-कोडचा, म्हणजे मशिनला हालचाली सांगणाऱ्या आज्ञांचा, प्रोग्राम उघडलेला असतो.

जी-कोडसाठी पैसे मोजून घ्यायचे खास एडिटर मिळतात. मात्र दोन-तीन मशिनच्या शेडमध्ये बहुधा फुकट मिळणाऱ्या एडिटरवरच भागते, उदाहरणार्थ नोटपॅड प्लस प्लस. डॉन हो यांनी हा एडिटर २००३ मध्ये आणला तो संगणकाच्या भाषा लिहिणाऱ्यांसाठी. बुश, फ्लँज, शाफ्ट यांचा त्याला गंध नाही. एक्स म्हणजे व्यास की नुसते एक अक्षर, हे त्याला कळत नाही आणि कळायचे कारणही नाही. ही उणीव वापरणाऱ्याने स्वतः बसवलेल्या स्क्रिप्ट भरून काढतात.

उणीव किती महाग पडते, हे एका बिंदूवरून कळते. प्रोग्राममध्ये ‘एक्स ५०.०’ लिहिले तर टूल ५० मिलिमीटरच्या जागी जाते. बिंदू विसरून नुसते ‘एक्स ५०’ लिहिले, तर मशिन चालवणाऱ्या फानुक जातीच्या कंट्रोलवर काय होईल ते त्या मशिनच्या एका पॅरामीटरवर ठरते. एका सेटिंगमध्ये ते ५० मिलिमीटरच धरले जाते. दुसऱ्या सेटिंगमध्ये आकडा मशिनच्या सर्वात लहान मापात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजला जातो, आणि ५० चे होतात ०.०५० मिलिमीटर. म्हणजे एका मशिनवर वर्षभर बिनबोभाट चाललेला प्रोग्राम शेजारच्या मशिनवर टाकला, की टूल थेट चकमध्ये घुसू शकते. टूलच्या टोकाचा इन्सर्ट गेला तर थोडक्यात निभावले म्हणायचे. स्पिंडलला मार बसला तर मशिन उभी राहते. स्क्रीनवर त्या दोन ओळींत फरक असतो एका ठिपक्याचा, आणि रात्रपाळीच्या शेवटी तो डोळ्याला दिसेलच असे नाही.

एडिटरला काही शिकवण्याची पहिली पायरी म्हणजे मॅक्रो. ‘रेकॉर्ड’ दाबायचे, हाताने एकदा काम करून दाखवायचे, थांबवायचे. पुढच्या वेळी तेच काम एका बटणावर होते. नोटपॅड प्लस प्लस असे मॅक्रो ‘शॉर्टकट्स’ नावाच्या एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि ती फाइल उघडून हाताने दुरुस्तही करता येते. दुसरी सोय म्हणजे स्वतःची भाषा सांगणे: जी-कोड निळे, एम-कोड लाल, कंसातल्या सूचना हिरव्या, असे एका खिडकीत भरले की प्रोग्राम रंगीत दिसू लागतो. यात एक ओळही प्रोग्रामिंग नाही, तरी लाभ मोठा. ‘जी०१’ लिहिताना शून्याऐवजी ओ हे अक्षर पडले, तर त्या शब्दाला रंग चढत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते.

मॅक्रो मात्र आंधळा असतो. दाखवले तेवढेच करतो. ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ ही समज त्याला नाही. तिथून पुढे स्क्रिप्ट लागते. नोटपॅड प्लस प्लसला ‘पायथन स्क्रिप्ट’ नावाचे प्लगइन जोडता येते. ते बसवले की उघड्या फाइलमधला मजकूर, ओळींचे क्रमांक, निवडलेला भाग हे सारे पायथन भाषेतून हाताळता येते. एडिटर स्वतःचा दरवाजा उघडतो आणि आत काय काय करता येईल याची यादी हातात देतो. या यादीला प्रोग्रामर ‘एपीआय’ म्हणतात. स्क्रिप्टने मागायचे, एडिटरने द्यायचे, असा हा व्यवहार.

या व्यवहाराचा इतिहास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेपर्यंत मागे जातो. तिथे ‘टेको’ नावाचा एडिटर वापरात होता. त्याच्या आज्ञा इतक्या तुटक की जो तो आपापले मॅक्रो रचून काम भागवी. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी या विखुरलेल्या मॅक्रोंना एका सूत्रात बांधले, आणि त्यातून ईमॅक्स हा एडिटर उभा राहिला. पुढे १९८५ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू ईमॅक्स प्रसिद्ध केला. त्याचा गाभा सी भाषेत आणि बाकीचा बराचसा डोलारा लिस्प भाषेत आहे, त्यामुळे वापरणारा एडिटर चालू असतानाच त्याचे वागणे बदलू शकतो.

मधल्या काळातली एक हकिगत स्टॉलमन यांनी सांगितली आहे. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिला. त्यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी तो वापरू लागल्या. त्यांना दिलेल्या माहितीपुस्तिकेत एडिटरमध्ये नव्या सोयी कशा घालायच्या हे दिले होते, पण याला प्रोग्रामिंग म्हणतात असे कुठेही लिहिले नव्हते. आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही असे मानणाऱ्या त्या स्त्रिया त्यामुळे बिचकल्या नाहीत. पुस्तिका वाचून त्यांनी आपल्या कामापुरत्या सोयी रचल्या. आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून आलेला सेटर आणि त्या सेक्रेटरी यांत या बाबतीत फारसे अंतर नाही. उलट जी-कोड लिहिणारा माणूस रोज प्रोग्रामच लिहीत असतो, फक्त त्याला कोणी प्रोग्रामर म्हणत नाही.

दुसरी परंपरा विमची. नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेल्या या एडिटरची स्वतःची छोटी भाषा आहे. त्यात ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली की एडिटर उघडताना ती आपोआप वाचली जाते. ‘प्लगइन’ फोल्डरमधली स्क्रिप्ट नेहमीच चालते, ‘एफटीप्लगइन’मधली त्या त्या जातीची फाइल उघडली तरच. २०१६ मधल्या आठव्या आवृत्तीपासून प्लगइनचा पूर्ण संच एका फोल्डरात ठेवायची सोय झाली. तो काढायचा असेल तर फोल्डर पुसले की झाले. २०१५ मध्ये आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडने हे काम दुकानातून सामान आणण्याइतके सोपे केले, आणि विस्तार, म्हणजे तिथली प्लगइन, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची खबरदारीही घेतली. त्यामुळे एखादा विस्तार अडकला तरी टंकणाऱ्याची खिडकी सहसा गोठत नाही.

आता पुन्हा तो बिंदू. तो शोधणारी स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींत बसते. तिचा गाभा म्हणजे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’, म्हणजे मजकुराच्या आकाराचे वर्णन. वर्णन साधारण असे: एक्स, वाय किंवा झेड हे अक्षर, मग असल्यास वजा चिन्ह, मग एक किंवा अधिक आकडे, आणि त्यापुढे बिंदू नसावा. वाचायला बरोबर वाटते. चालवून पाहिले की ‘एक्स १५०.५’ हा निर्दोष शब्दही चुकीचा म्हणून पकडला जातो. कारण शोधणारे यंत्र हट्टी असते. १५० च्या पुढे बिंदू आहे म्हणून जुळत नाही, असे दिसताच ते एक पाऊल मागे येते आणि ‘एक्स १५’ एवढ्यावर समाधान मानते. त्यापुढे शून्य आहे, बिंदू नाही, म्हणजे अट पुरी झाली! इलाज म्हणजे ‘पुढे बिंदूही नसावा आणि आकडाही नसावा’ असे सांगणे. हा खड्डा जवळपास प्रत्येकाला एकदा लागतोच.

एवढ्यावर भागत नाही, आणि खरे कसब इथून पुढे आहे. ‘एक्स ०’ला बिंदू नसला तरी शून्य ते शून्यच, म्हणून ते सोडायचे. कंसात लिहिलेली सूचना सोडायची. इतर अक्षरेही तपासायची, तर फीड सांगणारा एफ लेथवर बहुधा ०.२ असा अपूर्णांकात असतो, तर मिलिंगमध्ये ‘एफ १२०’ बिंदूविना बिनधास्त चालतो. थांबण्याच्या ‘जी०४’ आज्ञेत पी-पुढचा आकडा हजारांश सेकंदांत असतो, तिथे बिंदू चालतच नाही. लेथवर आटे पाडण्याच्या ‘जी७६’मधला सहा आकडी पी म्हणजे तर दोन-दोन आकड्यांच्या तीन वेगळ्या सूचना: फिनिशिंगचे कट किती, शेवटची निमुळती ओढ किती आणि आट्याचा कोन किती. स्क्रिप्टने तिथे बिंदू मागितला तर सेटर हसेल, आणि चौथ्यांदा मागितला तर स्क्रिप्ट बंद करून टाकेल. खोट्या इशाऱ्यांची स्क्रिप्ट ही नसलेल्या स्क्रिप्टपेक्षा वाईट, कारण खरा इशाराही मग कोणी वाचत नाही.

हे अपवाद पायथनच्या कुठल्याही पुस्तकात मिळत नाहीत. ते मशिनसमोर उभ्या राहणाऱ्यालाच माहीत असतात. त्यामुळे अशी स्क्रिप्ट बहुधा दोघांची असते. कोणाचा तरी इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा किंवा पुतण्या कोड लिहितो, आणि कुठे गप्प बसायचे ते सेटर सांगतो. चूक आपोआप दुरुस्त करणारी स्क्रिप्ट लिहिण्याचा मोह दोघांनाही होतो. तो आवरलेला बरा. ओळ अधोरेखित करून थांबावे; बिंदू द्यायचा की नाही ते माणसाने ठरवावे.

स्क्रिप्टचे आणखी एक हक्काचे काम म्हणजे फाइल मशिनला द्यायच्या आधीची झाडलोट. अनेक कंट्रोलना प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचे चिन्ह लागते. मधल्या ओळी खोडल्या-घातल्या की एन-क्रमांक विस्कटतात. ते १०, २०, ३० असे नव्याने घालणे हा स्क्रिप्टच्या हातचा मळ, पण ‘गो-टू’सारखी उडी असलेल्या प्रोग्राममध्ये उडीचा क्रमांकही सोबत बदलावा लागतो. आणि अक्षरांचा प्रश्न आहेच. एडिटरला देवनागरी लीलया जमते, पण बहुतेक कंट्रोल मोठी रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हे एवढेच ओळखतात. कंसात ‘जॉब उलटा लावा’ असे देवनागरीत लिहिलेली फाइल मशिनवर गेली तर अलार्म येतो किंवा भलतीच चिन्हे उमटतात. देवनागरी सूचना रोमन अक्षरांत उतरवून मगच फाइल पेनड्राइव्हवर टाकणारी स्क्रिप्ट लिहिणे अवघड नाही. मराठीत विचार करून रोमनमध्ये लिहिण्याचे कष्ट तेवढे वाचतात.

बसवलेली स्क्रिप्ट काय काय करू शकते, याला मात्र साधारणपणे मर्यादा नसते. पायथन स्क्रिप्ट असो, विमचे प्लगइन असो की व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा विस्तार, ते संगणक वापरणाऱ्याच्याच अधिकाराने चालतात. त्याला ज्या फाइल वाचता-पुसता येतात त्या स्क्रिप्टलाही येतात. त्या संगणकावर जॉबचे ड्रॉइंग असतात, बिले असतात, कधी जीएसटीचा पासवर्डही. धोका नेहमी स्क्रिप्टच्या रूपातच येतो असेही नाही. विमला मजकूर-फाइलच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहिलेल्या ‘मोडलाइन’वरून त्या फाइलपुरते सेटिंग बदलता येते. २०१९ मध्ये यातच एक भगदाड सापडले: खास बेतलेली फाइल नुसती उघडली तरी तिच्यातली आज्ञा संगणकावर चालवली जाऊ शकत होती. ते लगेच बुजवले गेले. २०२१ पासून व्हिज्युअल स्टुडिओ कोड नवे फोल्डर उघडताना ‘यावर विश्वास आहे का’ असे विचारतो. लोक वाचल्याशिवाय ‘हो’ दाबतात ही गोष्ट वेगळी.

दहा ओळींच्या स्क्रिप्टचा एक फायदा इथे दिसतो: ती वाचता येते. कुठल्या फोल्डरला हात लावते, इंटरनेटवर काही पाठवते का, हे जाणकाराला पाच मिनिटांत कळते. तयार डीएलएल, म्हणजे यंत्रभाषेत उतरवलेल्या फाइलच्या, स्वरूपातले प्लगइन तसे उघडून पाहता येत नाही. शिवाय ३२ बिटचे प्लगइन ६४ बिटच्या नोटपॅड प्लस प्लसमध्ये बसतच नाही, आणि नवा संगणक आला की नेमकी हीच तक्रार पहिल्यांदा येते.

जुनेपणा हा दुसरा रोग. एडिटर बदलतो, स्क्रिप्ट तशीच राहते. पायथन २ साठी लिहिलेली स्क्रिप्ट पायथन ३ वर साध्या ‘प्रिंट’पाशी अडखळते. गिटहबचा ‘ॲटम’ हा एडिटर २०१४ मध्ये गाजावाजात आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्यासाठी लिहिलेले हजारो विस्तार त्याच्याबरोबर निवृत्त झाले. म्हणून ज्या स्क्रिप्टचा गाभा एडिटरपासून वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे बिंदू शोधण्याचे काम एका फाइलमध्ये आणि एडिटरशी बोलण्याचे काम दुसऱ्या फाइलमध्ये, ती जास्त टिकते. एडिटर बदलला तर दुसरी फाइल तेवढी नव्याने लिहायची.

आणि स्क्रिप्ट नेमकी असते कुठे? विंडोजवर ती बहुधा वापरणाऱ्याच्या नावाखालच्या ‘ॲपडेटा’ या फोल्डरमध्ये असते, जे सहसा दिसतच नाही. संगणक फॉरमॅट करताना प्रोग्रामचा फोल्डर आठवणीने कॉपी होतो, हा राहून जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली हजारो बांधकामे बेकायदा ठरवून पाडली. मशिन उचलायला क्रेन लागते, संगणक रिक्षातही जातो. पण अशा हलवाहलवीत जुना संगणक विकला, तर त्यातल्या स्क्रिप्ट भंगाराच्या भावात जातात. त्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि पहिल्या तीन ओळींत कोणत्या मशिनसाठी, कोणत्या कंट्रोलसाठी आणि बिंदूचे पॅरामीटर कसे असताना लिहिली, हे नोंदवावे. मशिन बदलली की तिसरी ओळ सर्वात आधी तपासावी लागते.