पुढची स्लाइड कोण बदलणार?

वक्ते क्लिकर दाबतात, स्लाइड हलत नाही. पुन्हा दाबतात. येवल्यातल्या छोट्या सभागृहात पैठणीवरच्या व्याख्यानाची तयारी चालली होती आणि ते यूट्यूबवर थेट जाणार होतं. प्रक्षेपण सांभाळणाऱ्या मुलाच्या मागे खुर्ची टाकून मी बसलो होतो. बिघाड क्लिकरमध्ये नव्हता. क्लिकर बहुधा फक्त ‘पेज डाउन’ आणि ‘पेज अप’ या दोन कळा पाठवतो, आणि त्या पोचतात त्या क्षणी संगणकावर जी विंडो निवडलेली असेल तिला. कॅमेरा बदलायला मुलानं ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं की पॉवरपॉइंट मागे पडतं. वक्त्यांची खूण मग भलत्याच दारात जाते.

यावर सरळ उपाय दुसऱ्या लॅपटॉपचा. स्लाइड त्यावर चालवायच्या आणि एचडीएमआय केबल व कॅप्चर कार्डमधून चित्र पहिल्यात आणायचं. पण दुसरा लॅपटॉप दर वेळी असतोच असं नाही. या मुलानं सगळ्या स्लाइड चित्रं म्हणून बाहेर काढल्या आणि ओबीएसच्या ‘इमेज स्लाइड शो’मध्ये घातल्या. पुढची-मागची स्लाइड बदलायच्या हॉटकी म्हणून त्याच दोन कळा दिल्या. ओबीएस मागे असलं तरी हॉटकी ऐकतं, त्यामुळे क्लिकर पुन्हा वक्त्यांच्या हाती आला. यात अॅनिमेशन जातं. ते गेलेलं मला बरंच वाटलं. फायलींची नावं मात्र ०१, ०२ अशी द्यावी लागतात, नाहीतर अक्षरक्रमात पहिलीनंतर थेट दहावी स्लाइड येते.

मराठी वक्त्यांसाठी या पद्धतीचा आणखी एक मोठा फायदा आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या लॅपटॉपवर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. वक्त्यांच्याच संगणकावर चित्रं काढून घेतली तर अक्षर जसंच्या तसं राहतं.

एवढं जमलं तरी खरं काम बाकीच असतं: स्लाइड कधी दाखवायची आणि कधी काढायची. ओबीएसच्या स्टुडिओ मोडमध्ये डावीकडे प्रिव्ह्यू, उजवीकडे प्रोग्राम. लोकांना उजवं दिसतं, मुलगा डाव्या बाजूला पुढचा सीन मांडून ठेवतो. व्याख्यान सुरू झालं आणि वक्ते बांगडी मोर या नक्षीबद्दल बोलायला लागले. स्लाइडवर मोराचा सुंदर फोटो होता, तो पूर्ण पडद्यावर गेला. मग त्यांनी प्रत्यक्ष पदर हातात घेऊन उलटा केला. हातमागावर एकेका रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली फिरवून नक्षी विणली जाते, म्हणून अस्सल पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. हे कुठलाही फोटो पटवून देऊ शकत नाही. मुलानं स्लाइड कोपऱ्यात लहान केली आणि कॅमेरा मोठा केला. “काका, पदर जरा तिरपा धरा, जर चमकतेय,” तो हळूच म्हणाला. दिव्याखाली जर उजळली की कॅमेरा आपोआप चित्र अंधारं करतो. त्यानं एक्स्पोजर हातानं पक्कं केलं. स्लाइड चालवणारा माणूस श्रोत्यांइतकाच कान देऊन ऐकत नसेल तर ही अदलाबदल वेळेवर होत नाही. बटणं दाबायला कुणीही शिकतो. कुठलं वाक्य चित्राचं आणि कुठलं माणसाच्या हाताचं, हे विषय समजून घेतल्याशिवाय कळत नाही. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या वस्त्राबद्दल बाहेरगावी समजावून सांगायचं तर येवल्याला अशी ऐकणारी मुलं हवीत, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नोत्तरांची अडचण वेगळी. प्रक्षेपण पाहणाऱ्यांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं. “मघाचं चित्र पुन्हा दाखवा” असा संदेश येईपर्यंत वक्ते दोन स्लाइड पुढे गेलेले असतात, आणि एकेक मागे जायचं तर सगळ्यांसमोर चित्रांची धावपळ होते. म्हणून सुरुवात करण्याआधी त्यानं वक्त्यांना विचारलं, “लोक कशावर जास्त विचारतील?” बांगडी मोर आणि नारळी काठ, ते म्हणाले. त्या दोन चित्रांचे त्यानं वेगळे सीन केले आणि एक व दोन या आकड्यांच्या कळांवर ठेवले.