घनता : पदार्थाची ओळख

लाकडाचा ओंडका खिळ्यापेक्षा कितीतरी जड असतो. तरीही ओंडका पाण्यावर तरंगतो आणि खिळा बुडतो. येथे नुसते वजन पाहून भागत नाही. ते किती जागेत सामावले आहे, हेही पाहावे लागते. एकक आकारमानातील वस्तुमानास घनता असे म्हणतात. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १ ग्रॅम भरते, लोखंडाचे ७.९ ग्रॅम, तर सोन्याचे १९.३ ग्रॅम. तुकडा लहान असो वा मोठा, ठरावीक तापमानाला व दाबाला शुद्ध पदार्थाची घनता तीच राहते. म्हणून ती त्या पदार्थाची खूण ठरते.

वायूंनाही हे लागू पडते. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅली हे वायूंच्या घनता अत्यंत काटेकोरपणे मोजत असता, १८९२ साली त्यांना एक विसंगती आढळली. हवेतून ऑक्सिजन काढून टाकल्यावर उरणारा नायट्रोजन, रासायनिक संयुगांपासून मिळविलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरे. पुढील मोजमापांत एकाच काचेच्या गोलात पहिला २.३१० ग्रॅम, तर दुसरा २.२९९ ग्रॅम मावला. फरक अवघा ११ मिलिग्रॅमचा. परंतु मोजमापातील चूक म्हणून सोडून देण्याइतका तो लहान नव्हता. हलक्या वायूत हायड्रोजनचा अंश राहिला असावा, ही शंकाही तपासाअंती टिकली नाही.

मग दोष जड वायूत असेल काय? विल्यम रॅम्झी यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन:पुन्हा नेला. मॅग्नेशियमने नायट्रोजन शोषून घेतला. तरी थोडासा वायू मागे उरलाच. नायट्रोजन हायड्रोजनच्या सुमारे १४ पट घन असतो. हा वायू सुमारे २० पट घन होता. त्याच्या वर्णपटातील रेषाही कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. या नव्या वायूची घोषणा दोघांनी १८९४ साली केली. तो इतर द्रव्यांशी सहसा संयोग पावत नाही, म्हणून 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'आर्गॉन' हे नाव मिळाले.

आता कोडे उलगडते. हवेतून मिळविलेल्या 'नायट्रोजन'मध्ये शेकडा एकाहून थोडा अधिक आर्गॉन मिसळलेला असे आणि तेवढ्यानेच त्याची घनता शेकडा अर्ध्याने वाढे. ज्या हवेत आपण श्वास घेतो, तिच्यातील हा घटक डोळ्यांना, नाकाला किंवा रासायनिक क्रियांना सहजी सापडला नाही. तो सापडला तराजूला.