कंपनी बडनेऱ्यास उतरे तेव्हां

मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग अमरावतीस शिवत नाहीं. 1867 सालीं तो नागपुरापर्यंत पोहोंचला तेव्हां वऱ्हाडचें हें प्रमुख शहर सुमारें 10 किलोमीटर बाजूस राहिलें आणि मुख्य मार्गावरचें स्टेशन होण्याचा मान बडनेऱ्यास मिळाला. आतां अमरावतीहून थेट मुंबईची गाडी सुटते. परंतु मागील काळीं रेल्वेनें अमरावतीस जाणाऱ्याला बडनेऱ्यास उतरून शाखेची गाडी धरावी लागे. पुण्यामुंबईच्या नाटक कंपनीलाहि यांतून सुटका नव्हती. पडद्यांच्या गुंडाळ्या, दागिन्यांच्या पेट्या, हार्मोनियम, तबले, आचारी, पाणके आणि या साऱ्यांच्या मध्यें उपरण्यानें गळा झांकून उभा असलेला नायक, असा तो संसार कांहीं वेळ फलाटावर मांडला जाई. अमरावतीकर तिकीट काढून जें पाहत तें बडनेरेकर फुकट पाहत, असें आमच्या घरांतील वडील माणसें मोठ्या अभिमानानें सांगत असत. नायिकेचें काम करणारा नट फलाटावर विडी ओढतांना पाहून एका मुलाचा कसा हिरमोड झाला, हीहि गोष्ट त्या अभिमानाबरोबर हमखास येई.

वऱ्हाडांत नाट्यरसिकांचा जो एक समुदाय बनला, त्याच्या आरंभीच्या दिवसांविषयीं मला आज बोलावयाचें आहे. नाटकांविषयीं व नटांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रेक्षकांची बखर मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं.

वास्तविक वऱ्हाडांत ही आवड गाण्याच्या आधीं पुस्तकांतून आली. अकोल्याच्या हायस्कुलाचे हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’वरून ‘तारा’ हें नाटक रचलें. तें 1879 सालीं प्रसिद्ध झालें. याच अकोल्यांत शिकलेले त्यांचे विद्यार्थी गोपाळ गणेश आगरकर यांनीं पुढें ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनीं तें रंगभूमीवर गाजविलें. मध्यंतरीं 1880 सालीं पुण्यास किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें आणि मराठी माणसाला संगीत नाटकाचें जें वेड लागलें तें पन्नास वर्षें उतरलें नाहीं. वऱ्हाडांत कापसाचा पैसा होता. कापूस विकला गेला कीं तो हातांत खेळूं लागे, आणि ही गोष्ट कंपन्यांच्या व्यवस्थापकांना पुरती ठाऊक असे.

पण कंपनी येऊन जाई आणि मग वर्ष, दोन वर्षें फिरकत नसे. मला त्या काळाचें मर्म या मोकळ्या दिवसांत दिसतें. खेळ चार रात्रींचा, आणि त्यावरील बोलणें पुढचा मुक्काम पडेपर्यंत चालावयाचें! नाटकगृहाच्या दारांत पदांचीं छोटीं पुस्तकें विकत मिळत. चाल लक्षांत राहिली असेल तितकी पेटीवर बसवावयाची आणि राहिलेली जागा आपल्या बुद्धीप्रमाणें भरावयाची. चाल चुकली असें दुसऱ्यानें म्हटलें म्हणजे वाद. मग ज्यानें तो खेळ नागपुरास पाहिला असेल त्याची साक्ष काढावयाची. केशवराव भोसले थोर कीं बालगंधर्व थोर, या एका प्रश्नावर किती घरांतील जेवणें थंड झालीं असतील! 1921 सालच्या जुलैंत टिळक स्वराज्य फंडासाठीं हे दोघे मुंबईस ‘मानापमाना’च्या एकाच प्रयोगांत उभे राहिले आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव वारले. तो वाद कायमचा अनिर्णित राहिला, आणि म्हणूनच तो इतकीं वर्षें टिकला असावा.

या रसिकांची योग्यता कंपन्याहि मानीत. 1905 सालीं मुंबईस पहिलें नाट्यसंमेलन भरलें, त्याचें अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांना देण्यांत आलें. दादासाहेब वकील होते, टिळकांचे सहकारी होते, बोलण्यांत विनोदी होते. नटाचा धंदा कांहीं त्यांनीं केला नव्हता. नाटकावर आणि नटांवर त्यांचें अपार प्रेम होतें, एवढाच त्यांचा या जागेवरील अधिकार. धंदेवाल्यांच्या संमेलनांत पहिल्या खुर्चीवर प्रेक्षक बसतो, हें आजच्या काळीं घडेल असें मला वाटत नाहीं. अमरावतीच्या प्रेक्षकांतून नाटककारहि निघाला. वीर वामनराव जोशी यांचें ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्श मंडळीनें केलें, तर 1927 सालीं ‘रणदुंदुभि’ दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें.

त्या दिवसांची आठवण काढतांना गळा दाटून येतो खरा. परंतु दाटलेल्या गळ्यानें सांगितलेला इतिहास थोडा तपासून घ्यावा. हा समुदाय म्हणजे बहुतांशीं वकील, मास्तर, कारकून आणि पेढीवाले यांचा होता. बायका निराळ्या बसत. त्यांचें मत कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. रंगभूमीवर स्त्रियांचीं कामें पुरुष करीत, आणि बालगंधर्वांच्या नेसण्याची व अलंकारांची ढब घरोघरच्या बायका उचलीत. म्हणजे त्यांचें पाहणें किती बारीक असेल! तें टिपून ठेवणारा कोणी नव्हता. आणि गांवांतील किती माणसें या गप्पांच्या बैठकींत बसूंच शकत नव्हतीं, हा विचारहि ओट्यावर बसलेल्यांच्या मनाला क्वचितच शिवला असेल. 1927 च्या नोव्हेंबरांत अमरावतीच्या इंद्रभुवन नाटकगृहांत डॉक्टर आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. आमच्या घरांतल्या आठवणींत ‘रणदुंदुभी’चें वर्ष म्हणून 1927 पुष्कळदां येतें. त्या परिषदेचें वर्ष म्हणून तें एकदांहि आल्याचें मला स्मरत नाहीं.

पुढें बोलपट आला. 1932 सालीं ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला, कंपन्या कर्जांत बुडूं लागल्या, आणि 1935 सालीं खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत दिसले. बोलपटाच्या नांवानें बोटें मोडण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ती पाळीत नाहीं. ज्या गरिबाला नाटकाचें तिकीट परवडत नसे त्याला चार आण्यांत गाणें ऐकावयास मिळूं लागलें, यांत वाईट तें काय? फरक पडला तो निराळ्याच ठिकाणीं. चित्रपट पुन्हां पाहतां येतो, तबकडी पुन्हां लावतां येते, आणि आज तर खिशांतल्या यंत्रांतून वाटेल तें पद वाटेल तेव्हां निघतें. त्यामुळें चुकलेली चाल स्वतः भरून काढण्याचें कामच कोणाला उरलें नाहीं, आणि साक्षीसाठीं नागपूर पाहिलेल्या माणसाकडे जावें लागत नाहीं. मला स्वतःला ही सोय आवडते; मी ती रोज वापरतों.

आमच्या घरीं ‘मानापमाना’च्या पदांचें एक जुनें पुस्तक आहे. मुखपृष्ठ गेलें आहे, पानें दोऱ्यानें शिवलेलीं आहेत. समासांत शिसपेन्सिलीनें बारीक खुणा आहेत. कोठें ‘चाल बदलली’, कोठें ‘येथें श्वास’, आणि एका पदापाशीं ‘वन्स मोअर तीन’ असें लिहून, तीन खोडून, चार केलें आहे. अक्षर वळणदार आहे, पण तें कोणाचें हें घरांत आतां कोणालाच ओळखतां येत नाहीं.