स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेतांना

समुद्रकांठीं एक लहानसें घर असावें, वर्षांतून महिनाभर तेथें जाऊन राहावें, ही इच्छा कोणत्याहि देशांतील मध्यमवर्गाला सहज समजण्यासारखी आहे. इंग्लंड, जर्मनी, स्वीडन इत्यादि थंड देशांतील पुष्कळ लोकांनीं ती आपल्या देशाबाहेर, स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, पुरी करून घेतली आहे. १९६० नंतर विमानप्रवास स्वस्त होत गेला आणि अलिकान्ते, मालागा ह्या प्रांतांतील कोळ्यांच्या वस्त्यांचीं पाहतां पाहतां शहरें झालीं. मिठागरांसाठीं प्रसिद्ध असलेल्या तोरेव्हिएहा गांवीं आज युरोपांतील अनेक भाषा बाजारांत कानीं पडतात. तेथें घर घेणारा मनुष्य धनाढ्यच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो नोकरींतून निवृत्त झालेला शिक्षक किंवा कारकून असतो आणि जन्मभराची शिल्लक दोन खोल्यांच्या जागेंत घालीत असतो. म्हणूनच व्यवहारांत चूक झाली, तर ती भरून काढण्यास त्याच्याजवळ पैसा उरत नाहीं, आणि आयुष्याचीं वर्षेंहि उरत नाहींत.

खरेदीची रीत वरवर पाहतां सरळ आहे. परदेशी गिऱ्हाइकाला प्रथम सरकारकडून एक ओळख-क्रमांक घ्यावा लागतो. मग मालमत्तेच्या नोंदणी-कचेरींतून घराचा उतारा काढावयाचा. घर कोणाच्या नांवें आहे व त्यावर कोणाचें गहाण आहे, हें त्यांत दिसतें. आपल्याकडील सातबाऱ्याची येथें आठवण होईल. परंतु सातबारा हा मूळचा महसुलाचा कागद, तर स्पेनमधील नोंद ही मालकीचीच नोंद आहे. नोंदलेल्या मालकाकडून प्रामाणिकपणें व मोल देऊन घर घेतलें आणि आपलें नांव चढविलें, तर कायदा खरेदीदाराच्या पाठीशीं उभा राहतो.

त्यानंतर विसाराचा करार होतो. विसार बहुधा किंमतीच्या दहा टक्के असतो. करार त्या प्रकारचा असेल तर खरेदीदारानें माघार घेतल्यास विसार बुडतो, आणि विकणाऱ्यानें घेतल्यास त्याला तो दुप्पट परत करावा लागतो. शेवटीं नोटरीसमोर खरेदीखत होतें. स्पेनमधील नोटरी हा कठीण परीक्षा देऊन नेमला गेलेला मोठा अधिकारी असतो. तरी तो खरेदीदाराचा वकील नव्हे. खरेदीदाराच्या हिताचे प्रश्न विचारणारा स्वतंत्र वकील निराळा लागतो, आणि तो विकणाऱ्यानें किंवा दलालानें सुचविलेला नसावा.

इतकें सर्व यथासांग झालें तरी एक प्रश्न उरतोच: समुद्र कोठें सुरू होतो? स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेनें समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. १९८८ च्या किनारा-कायद्यानें तिची व्याख्या केली ती फार व्यापक होती: मोठ्यांत मोठ्या ज्ञात वादळांत लाटा जेथवर पोंचतात तेथपर्यंतची सारी जागा, शिवाय वाळूची पुळण आणि वाळूच्या टेंकड्या. ही हद्द सरकार मोजणी करून आंखतें, आणि ती एकदां कायम झाली म्हणजे नोंदणी-कचेरींतील कोणाचेंहि नांव तिच्यापुढें टिकत नाहीं. ज्या उताऱ्यावर खरेदीदाराची सारी भिस्त, तोच येथें दुबळा ठरतो.

ह्याचा परिणाम जुन्या मालकांना भोगावा लागला. ज्यांचीं घरें रेषेच्या आंत आलीं, त्यांपैकीं पुष्कळांची मालकी जाऊन तिच्या ऐवजीं केवळ तीस वर्षांचा वापरहक्क आला. ही मुदत आणखी तीस वर्षें वाढण्याची सोय होती. २०१३ च्या दुरुस्तीनें कमाल मुदत पंचाहत्तर वर्षें केली आणि असा हक्क विकण्यासहि मोकळीक दिली. म्हणून पुळणीला लागून असलेलें घर स्वस्त मिळत असेल, तर विकलें जात आहे तें घर कीं घराचीं उरलेलीं वर्षें, हें आधीं पाहावें.

रेषेच्या बाहेरचें घरहि सर्वस्वी मोकळें नसतें. रेषेपासून जमिनीकडे शंभर मीटरपर्यंत, आणि १९८८ पूर्वींच शहरी ठरलेल्या भागांत वीस मीटरपर्यंत, संरक्षणाचा पट्टा असतो. तेथें मालकी राहते, परंतु राहण्यासाठीं नवें बांधकाम होत नाहीं व जुनें वाढवितां येत नाहीं. भरतीच्या रेषेपासून अंतर मोजण्याचा नियम १९९१ च्या अधिसूचनेपासून कोंकणांतील घरमालकांच्याहि परिचयाचा आहे. स्पेनचा कायदा बांधकाम अडवून थांबत नाहीं, मालकीलाच हात घालतो. हद्दीचा नकाशा प्रांतांतील किनारा-खात्याच्या कचेरींत पाहावयास मिळतो. विसार देण्यापूर्वींच तो पाहिला पाहिजे.

दुसरा धोका बांधकामाच्या परवान्याचा. अल्मेरिया प्रांतांतील वेरा येथें एका वृद्ध इंग्रज दांपत्यानें नगरपालिकेचा परवाना असलेलें घर बांधलें होतें. जमीन बांधकामाची नाहीं म्हणून प्रांतिक सरकार न्यायालयांत गेलें, परवाना रद्द झाला आणि जानेवारी २००८ मध्यें तें घर यंत्रानें पाडण्यांत आलें. तेव्हां नगरपालिकेचा शिक्का पाहून स्वस्थ बसूं नये. जमिनीचा वर्ग कोणता, हेंहि विचारावें.

खर्चाची बाजूहि डोळ्यांआड करूं नये. जुन्या घरावरील हस्तांतर-कर प्रांतागणिक बदलतो. आंदालुसियांत तो ७ टक्के आहे. इमारतीच्या सामाईक खर्चाची मागल्या मालकाची चालू वर्षाची व आधींच्या तीन वर्षांची थकबाकी नव्या मालकाच्या घरावर बसते. घर भाड्यानें दिलें नाहीं तरी त्यापासून उत्पन्न होतें असें मानून परदेशस्थ मालकाकडून दरवर्षीं कर घेतात.

घर घेतल्यानें राहण्याचा हक्कहि मिळत नाहीं. पांच लाख युरोंच्या खरेदीवर राहण्याचा परवाना देणारी योजना २०१३ सालीं निघाली, ती एप्रिल २०२५ मध्यें बंद झाली. आतां युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्याला सामान्यतः १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. भारतीयाला त्यासाठींहि व्हिसा लागतो. भारतांत राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवून असें घर घेतां येतें. सहमालक होणारे नातलग आपापल्या रकमा एकत्र करूं शकतात. मात्र त्या घराची माहिती येथील प्राप्तिकराच्या पत्रकांत द्यावी लागते.

सारांश, उतारा, परवाना आणि हद्दीचा नकाशा हे तिन्ही कागद तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत असतात, आणि एक दुसऱ्याची उणीव भरून काढीत नाहीं. तिन्ही जुळेपर्यंत विसाराचा पैसा आपल्याजवळच ठेवावा. खिडकींतून दिसणारा समुद्र कितीहि सुंदर असला, तरी त्याची रेषा घरापासून किती दूर आहे, हें खिडकींतून कळत नाहीं.