वाडा एक, बिऱ्हाडं अनेक: लॅपटॉपवरचं नेटवर्क

बीटेकच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट अगदी साधा होता. दोन कम्प्युटर, मधे एक राउटर, आणि लाइनवरचा डिले वाढला की फाइल पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मोजायला एक तास लागला. मांडणी करायला तीन आठवडे! तीन व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकात पूर्ण लिनक्स, आणि माझा आठ जीबीचा लॅपटॉप कण्हतोय. व्हायवात सर म्हणाले, "डिले दुप्पट करून दाखव." जमलं नाही, कारण आधी नेमकं काय काय टाइप केलं होतं तेच आठवेना. मार्क गेले ते गेलेच.

खरं तर तीन मशीन लागतच नाहीत. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस म्हणून सोय आहे. जुना वाडा डोळ्यासमोर आणा. वाडा एकच, म्हणजे कर्नल एकच, पण बिऱ्हाडं वेगळी. प्रत्येक बिऱ्हाडाला आपले इंटरफेस, आपला आयपी पत्ता, आपला राउटिंग टेबल. दोन बिऱ्हाडं जोडायला 'व्हीइथ' जोडी, म्हणजे एका वायरची दोन टोकं. राउटर हेही एक बिऱ्हाडच, फक्त त्यात आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं.

हे सगळं हातानं करता येतं, पण वैताग येतो. प्रत्येक टोक 'अप' करावं लागतं. नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅकसुद्धा बंद असतो, त्यामुळे स्वतःशीच बोलणारा प्रोग्राम अडकतो आणि आपण कोडमध्ये बग शोधत बसतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय.

म्हणून मिनीनेट. बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि निक मॅककिऑन यांचा त्यावरचा पेपर २०१० सालचा. टर्मिनलवर 'सुडो एमएन' एवढंच टाइप करा. दोन होस्ट आणि एक स्विच तयार. 'पिंगऑल' म्हटलं की कोण कोणापर्यंत पोचतंय ते कळतं. मोठी रचना हवी असेल तर छोटी पायथन स्क्रिप्ट लिहायची. मला सगळ्यात आवडतं ते हेच, कारण काय टाइप केलं होतं ते आता फाइलमध्ये असतं, माझ्या डोक्यात नाही.

एक गंमत करून बघा. प्रत्येक लिंकला १० मिलिसेकंद डिले द्या आणि पिंग करा. उत्तर १० येत नाही, साधारण ४० येतं. होस्ट ते स्विच एक लिंक, स्विच ते दुसरा होस्ट दुसरी, आणि पिंगला परतही यायचं असतं. पहिला पिंग जास्त वेळ घेतो, कारण आधी पत्ता विचारण्याची एआरपीची देवाणघेवाण होते. तो आकडा सरासरीत धरू नका.

मात्र बिऱ्हाडं वेगळी असली तरी विहीर एकच आहे. सगळे होस्ट एकच सीपीयू वापरतात. खूप जास्त बँडविड्थ मागितलीत तर आकडे नेटवर्कचे नाही, तुमच्या लॅपटॉपचे येतील. फाइल्सही सामायिक असतात. एका होस्टनं 'टेंप'मध्ये लिहिलेलं दुसऱ्याला दिसतं.

मागच्या महिन्यात तोच जुना प्रोजेक्ट पुन्हा केला. डिले दुप्पट करायला एक आकडा बदलला, बस. स्क्रिप्ट मधेच मेली तर 'सुडो एमएन डॅश सी' चालवून आधी उरलंसुरलं साफ करा, नाहीतर जुने इंटरफेस तसेच पडून राहतात आणि पुढचा रन सुरूच होत नाही.