आपल्याच खानदेशाची जुनी राजधानी : चला बुऱ्हाणपूरला

"बायकांची सहल म्हणजे पैसे उडवणं," हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी घरी ऐकलंय? आम्हीही ऐकलं. तरी गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाच्या आम्ही बारा जणी दोन दिवस बुऱ्हाणपूरला जाऊन आलो. कसं जायचं, काय बघायचं, काय खायचं आणि जाऊन काय मिळतं, ते आज सांगतो.

आधी पैशांचं बोलू. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. सहलीचा डबा वेगळा, वही वेगळी. प्रत्येकीने महिन्याला १०० रुपये टाकले, वर्षाचे १२०० झाले. त्यामुळे परत आल्यावर कुणाच्याही डोक्यावर हप्ता नव्हता.

आता वाट. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. सावदा, रावेर मागे टाकत, केळीच्या बागा बघत साधारण तासाभरात बुऱ्हाणपूर येतं. धुळ्याच्या मैत्रिणींनी चाळीसगाव किंवा जळगाव करून भुसावळ गाठावं. एसटीने निघालात तर एक लक्षात ठेवा. आपलं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतं आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. आधार कार्ड प्रत्येकीने जवळ ठेवा, मुक्कामाला खोली घेताना लागतं.

राज्य दुसरं असलं तरी शहर परकं वाटत नाही. बाजारात मराठी बोललेलं कळतं. आणि का कळू नये? फारुकी राजांची गादी आधी आपल्या शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला होती, पुढे ती बुऱ्हाणपूरला गेली. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि खानदेश मुघलांकडे गेला. म्हणजे आपण पाहुण्या म्हणून नाही, आपल्याच जुन्या राजधानीत जातो.

पहिल्या दिवशी तापीकाठचा शाही किल्ला बघा. बराचसा पडला आहे, पण आतला हमामखाना, म्हणजे राजघराण्याचं न्हाणीघर, अजून उभं आहे. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी बघायला मान वर करून उभं राहावं लागतं. मग गावातली जामा मशीद. तिथे अरबीबरोबर संस्कृतातला शिलालेखही कोरलेला आहे. आत जाण्याआधी विचारा, डोक्यावर पदर घ्या, नमाजाची वेळ टाळा.

संध्याकाळी खाणं. इथली मावा जिलेबी आपल्या जिलेबीसारखी पिवळी, कुरकुरीत नसते. काळपट, जाड आणि खव्याची असते. एकीत दोघी खा, जड असते. रव्या-तुपाचा दराबाही चाखा. आणि मांडा बघाच. आपण खापरावर पुरणाचे मांडे करतो, इथे बिनपुरणाची रुमालाएवढी पातळ पोळी हातावर फिरवून भाजतात. आमच्यातल्या दोघी मांडे करण्यात पटाईत. त्या तिथल्या कारागिराचा हात कसा फिरतो, ते बघत अर्धा तास उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी भंडारा. मैत्रिणींनो, आपण पाणी वाहणाऱ्या बाया, म्हणून ही जागा आपण बघायलाच हवी. सुमारे १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना ही योजना झाली. सातपुड्यावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीत मुरून तापीकडे झिरपतं. ते मध्येच अडवलं, ओळीने कुंड्या खोदल्या आणि जमिनीखालून बोगद्याने एकमेकींना जोडल्या. बोगद्याला हलकासा उतार दिला. बस, पाणी आपोआप शहराकडे चाललं. ना मोटार, ना मोट. एका कुंडीत लिफ्टने खाली उतरता येतं, मात्र ती चालू आहे का हे आधी विचारून घ्या. खाली वाहतं पाणी बघून आमची एक काकू म्हणाली, "माय वं, कितलं पानी शे!" आणि मग गप्प झाली. तिच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो.

तिथून तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना. ही हरणांची जुनी बाग, आता पडझड झालेली. शहाजहानची बेगम मुमताज १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. तिला आधी इथेच पुरलं होतं, मग काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक असतो, ही जागा कुणाला ठाऊक नसते. लग्नाच्या १९ वर्षांत तिची १४ बाळंतपणं झाली. वय अवघं ३८.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक मावशी खाली बसली. तिची सून अशीच गेली, दुसऱ्या खेपेला. इतक्या वर्षांत गटात ती हे कधी बोलली नव्हती. तिथे बोलली. म्हणाली, "बादशहाच्या घरी हकीम होते तरी गेली. आमच्या पोरीला तर आम्ही दवाखान्यात न्यायलाच उशीर केला." आम्ही तिच्याजवळ बसून राहिलो. पुढचा कार्यक्रम तासभर मागे गेला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दुपारून अशीरगड. शहरापासून साधारण २० किलोमीटर, खंडव्याच्या रस्त्यावर. दक्षिणेत उतरायची वाट याच किल्ल्याच्या पायथ्याशी, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. वर महादेवाचं जुनं मंदिर आहे. चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. पाणी सोबत न्या. गाडी करून गेला असाल तर परतताना इच्छापूरची इच्छादेवी आणि मुक्ताईनगरला मुक्ताबाईचं दर्शन वाटेतच होतं.

घरी आल्यावर पहिल्या बैठकीत आम्ही हिशेब वाचला आणि मग मावशीनेच विषय काढला. गावातल्या गरोदर बायांची यादी आशाताईंसोबत बसून करायची, रक्त तपासलं का ते विचारायचं आणि रात्री-अपरात्री गाडी कुणाची मिळेल ते आधीच ठरवून ठेवायचं. तीन गाड्यांचे नंबर आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

पैसे उडाले म्हणणाऱ्यांना आम्ही ते पान दाखवतो. तुम्हीही एक डबा वेगळा ठेवा, मैत्रिणींनो.